मोडी कागदावरचा सन

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची कागदपत्रे आहेत, आणि जुन्या कागदांची गोडी असणाऱ्याने तेथे निदान एक सकाळ काढावी, असे मला वाटते. मोडी पत्र उलगडले की प्रथम नजरेत भरते ती शिरोरेघ: लिहिणाऱ्याने ती आधी कागदभर ओढलेली असते आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफलेली असतात. शब्दांमध्ये जागा सुटलेली नसल्याने एक शब्द कोठे संपला, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

खरी कसोटी कालनिर्णयाची. या कागदांत वर्ष सुहूर सन या जुन्या कालगणनेने दिलेले असते; त्याचा आकडा अरबी शब्दांत, एकंपासून चढत्या क्रमाने लिहितात. ‘इहिदे सलासीन मया व अलफ’ म्हणजे एक, तीस, शंभर आणि हजार, अर्थात ११३१. हे वर्ष मृगाला, जूनच्या आरंभी, सुरू होत असल्याने इसवी सन काढताना त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढील महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज यांच्यातला एप्रिल १७३१ चा वारणेचा तह याच वर्षात पडतो. हिशेब एका वर्षाने हुकला तर तहापूर्वीचे पत्र तहानंतरचे ठरते, आणि मग त्यावर रचलेला सगळा युक्तिवादच (तो कितीही विद्वत्तापूर्ण असो) कोसळतो. म्हणून ‘छ’ या अक्षरापुढची चांद्र तारीख आणि महिना मी वर्षाआधी टिपून घेतो. मजकुराच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का असेल, तर त्यापुढे मागाहून कोणी भर घातलेली नाही, याची बऱ्यापैकी खात्री पटते.