पाच नंबरवरून दोन नंबरवर

नवी ऑपरेटिंग सिस्टिम मी मुद्दामच डिस्कच्या शेवटच्या कोपऱ्यात टाकली होती. डिस्कवर तेव्हा पाच पार्टिशन, म्हणजे पाच वेगळे कप्पे होते. पहिलं ५१२ एमबीचं ईएफआय, ज्यातून मशीन सुरू होतं, दुसरं १२० जीबीचं, त्यावर माझी कित्येक वर्षांची जुनी लिनक्स सिस्टिम, तिसरं ८ जीबीचं स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली तर वापरायची जागा, चौथं ३०० जीबीचं, सगळा डेटा त्यात, आणि पाचवं ३० जीबीचं, प्रयोगासाठी राखून ठेवलेलं. जुनी सिस्टिम अपग्रेडवर अपग्रेड घेऊन थकली होती, पण रोजचं काम तिच्यावरच चालायचं. म्हणून तिला हात न लावता पाच नंबरवर डेबियन १२ ही लिनक्स बसवली. म्हटलं, जमलं तर जमलं, नाही तर पुसून टाकू.

बसवताना पार्टिशनचा भाग स्वतःच्या हाताने करायचा पर्याय घेतला. पाच नंबरला ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) आणि रूट, म्हणजे सिस्टिमचं मूळ फोल्डर, एक नंबर ईएफआय म्हणून वापरायचं पण फॉरमॅट करायचं नाही. 'पूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय त्याच स्क्रीनवर सगळ्यात वर असतो, त्यामुळे पुढे जाण्याआधी बदलांची यादी मी दोनदा वाचली. बाकी सगळं अर्ध्या तासात झालं.

तीन आठवड्यांत नवी सिस्टिम हाताला बसली. कीबोर्डची मांडणी, फॉन्ट, प्रिंटर, बॅकअपच्या स्क्रिप्ट, सगळं मनासारखं लागलं होतं. जुनी सिस्टिम मी उघडेनाशी झाले. आता ३० जीबीत दाटीवाटीने राहण्यात अर्थ नव्हता. पुन्हा नव्याने बसवायचा पर्याय होता, पण तीन आठवड्यांची ती बारीकसारीक घडी परत बसवायची माझी तयारी नव्हती. ठरवलं, आहे तशी उचलून दोन नंबरवर न्यायची.

त्याआधी दोन मार्ग मनातून काढून टाकले. मधली पार्टिशन सरकवून पाच नंबरला जागा करून देणं जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्राममध्ये करता येतं, पण पार्टिशनची सुरुवात सरकली की आतला प्रत्येक ब्लॉक उचलून दुसरीकडे लिहावा लागतो. ३०० जीबी डेटा तसा हलत असताना मध्येच वीज गेली, तर काय हाती लागेल याचा भरवसा नाही. दुसरा मार्ग डीडी या कमांडचा, म्हणजे पार्टिशनची हुबेहूब प्रत काढायची. ती इतकी हुबेहूब असते की फाइलसिस्टिमची ओळख सांगणारा क्रमांक, म्हणजे यूयूआयडीसुद्धा, तोच येतो. एकाच डिस्कवर एकाच यूयूआयडीची दोन पार्टिशन असली की सिस्टिम त्यातलं नेमकं कुठलं उचलेल हे सांगता येत नाही. म्हणून आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने फक्त फाइली न्यायच्या हे पक्कं केलं.

जुन्या सिस्टिममधले होम (माझ्या फाइली) आणि ईटीसी (सिस्टिमच्या सेटिंग) हे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढून घेतले. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-सहा फाइली खरोखर उघडतात का तेही पाहिलं. मग लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरच चालणाऱ्या सिस्टिमवरून, मशीन सुरू केलं आणि दोन नंबर फॉरमॅट केलं. फॉरमॅट झाल्यावर त्याला नवा यूयूआयडी मिळाला. तो आणि पाच नंबरचा, दोन्ही मी कागदावर उतरवून घेतले. यूयूआयडी डॅश धरून ३६ अक्षरांचा असतो, तो लक्षात राहणं शक्य नाही. पण सुरुवातीची चार अक्षरं डोळ्यांत बसली की पुढे ओळख पटते. तो कागद पुढचे दोन दिवस कीबोर्डच्या शेजारीच होता.

प्रत लाइव्ह यूएसबीवरून काढण्याचं कारण सांगते. चालू सिस्टिमची प्रत काढताना प्रॉक, सिस, डेव्ह, रन हे फोल्डर वगळावे लागतात, कारण त्यांच्यात दिसतं ते डिस्कवर नसतंच, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ते तिथल्या तिथे उभं करतो. शिवाय प्रत निघत असतानाच फाइली बदलत राहतात. सिस्टिम झोपलेली असली की हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत. पाच नंबर 'जुना' नावाच्या फोल्डरवर माउंट केलं, म्हणजे जोडलं, दोन नंबर 'नवा' म्हणून, आणि आरसिंकला छोटा ए, मोठा ए, मोठा एक्स आणि मोठा एच असे पर्याय दिले. छोट्या ए ने मालकी, परवानग्या, तारखा आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) जपले जातात. मोठ्या ए ने एसीएल, म्हणजे जादा परवानग्यांच्या याद्या येतात, एच ने हार्डलिंक, म्हणजे एकाच फाइलची अनेक नावं. एक्सकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, पण पिंगसारख्या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्रामला प्रशासकाचे अधिकार नसताना चालायची मुभा ज्या खास गुणधर्मातून मिळते, तो फाइलच्या आत नसून फाइलला चिकटवलेला असतो. एक्स दिला नाही तर फाइल येते, मुभा मागे राहते.

पहिल्या खेपेला मूळ फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघ द्यायची राहिली. आरसिंकमध्ये त्या एका रेघेने अर्थ बदलतो. रेघ असली तर फोल्डरच्या आतलं सगळं जातं, नसली तर फोल्डरच उचलून नेला जातो. 'नवा'च्या आत 'जुना' नावाचा फोल्डर दिसला तेव्हा चूक कळली. तो पुसून पुन्हा चालवलं. साधारण ११ जीबी होतं, वीसेक मिनिटं लागली.

मग दोन नंबरवरची एफएसटॅब, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी, उघडली, रूटच्या ओळीतला यूयूआयडी कागदावरून बघून बदलला, यूएसबी काढली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. सिस्टिम सुरू करून देणारा ग्रब आला, लॉगिन आलं, डेस्कटॉप जसाच्या तसा उघडला. मला इतका आनंद झाला की त्याच झोकात राहिलेले अपडेट लावले, दोन नवे प्रोग्राम टाकले आणि तास-दीड तास काम केलं. मग किती जागा मोकळी झाली ते बघावं म्हणून डीएफ ही कमांड चालवली. रूटचा आकार २९ जीबी.

मी तो आकडा बघतच राहिले. फाइंडमाउंट या कमांडला रूट कुठे आहे विचारलं, उत्तर आलं एसडीए५. म्हणजे मी अजून पाच नंबरवरच होते. दोन नंबरवरची प्रत तिथे नीट पडून होती, पण तिच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मशीन सुरू होण्याचा सगळा रस्ता मी एकेक टप्पा करून तपासला. मशीनचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या बोर्डवरचा प्रोग्राम, आधी ईएफआय पार्टिशनमध्ये जातं आणि तिथल्या डेबियन नावाच्या फोल्डरमधून ग्रब उचलतं. त्याच फोल्डरमध्ये ग्रबची एक चिमुकली सेटिंगची फाइल असते, जेमतेम तीन ओळींची. पहिली ओळ सांगते, अमुक यूयूआयडीचं पार्टिशन शोध. दुसरी सांगते, त्यातल्या बूट फोल्डरमध्ये ग्रब आहे. तिसरी सांगते, तिथली मोठी सेटिंग फाइल वाच. त्या मोठ्या फाइलमध्ये कर्नलचा रस्ता असतो आणि कर्नलला रूटचा यूयूआयडीही तिथूनच दिला जातो. मी ती चिमुकली फाइल उघडली. पहिल्या ओळीत पाच नंबरचीच चार अक्षरं. साखळीच्या पहिल्याच कडीत जुना पत्ता होता, मग पुढच्या सगळ्या कड्या पाच नंबरवरच्याच वाचल्या जाणार. एफएसटॅब या साखळीत बरीच उशिरा येते, आणि मी फक्त तीच बदलली होती, तीसुद्धा अशा पार्टिशनवरची जिथे कुणी पोचतच नव्हतं. फाइली हलवणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं झालं. पत्ता किती ठिकाणी नोंदवलेला आहे हे शोधणं हे त्याहून मोठं काम आहे, आणि मी ते केलंच नव्हतं.

मधल्या दीड तासातलं काम पाच नंबरवर साठलं होतं, म्हणून पुन्हा लाइव्ह यूएसबी आणि पुन्हा आरसिंक. या वेळी फरकापुरतंच जायचं होतं, दोन मिनिटांत झालं. पुढे जाण्याआधी सहज एफएसटॅब उघडून पाहिली, तर तिच्यात पुन्हा जुना यूयूआयडी. आरसिंकने त्याचं काम चोख केलं होतं. दोन्हीकडच्या फाइली वेगळ्या दिसल्या, त्याने मूळची वर लिहिली. दुसऱ्यांदा प्रत काढताना एफएसटॅब वगळायला हवी होती. पुन्हा दुरुस्त केली.

आता ग्रब. दोन नंबर माउंट केलं, त्याच्या आत बूटमधल्या ईएफआयच्या जागी एक नंबर, आणि मग लाइव्ह सिस्टिमचे डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे चारही फोल्डर त्याच्या आत जोडून दिले. त्यानंतर सीएचरूट. ही कमांड चालवली की टर्मिनलपुरती का होईना, दोन नंबरवरचीच सिस्टिम आपली होते. तिथून ग्रब इन्स्टॉल केला आणि ग्रब अपडेट केला. एक अट मात्र पाळावी लागते. लाइव्ह यूएसबी यूईएफआय या नव्या फर्मवेअरच्या पद्धतीनेच सुरू केलेली हवी, नाही तर फर्मवेअरमध्ये नोंद करण्याचा रस्ता ग्रबला मिळत नाही. बाहेर येण्याआधी ती तीन ओळींची फाइल परत उघडली. पहिल्या ओळीत दोन नंबरची चार अक्षरं होती. कागदाशी ताडून पाहिली, मग उरलेली बत्तीसही ताडली.

मशीन सुरू झाल्यावर डेस्कटॉपकडे न बघता आधी टर्मिनल उघडलं. फाइंडमाउंट, एसडीए२.

एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण आठ जीबीचं स्वॅप दोन नंबरला अगदी लागून होतं. ते काढून ती जागा रूटला द्यायची आणि स्वॅपसाठी ४ जीबीची फाइल करायची असं मनात होतं. स्वॅप बंद केलं, तीन नंबर काढलं, दोन नंबरची हद्द वाढवली आणि फाइलसिस्टिम चालू असतानाच ताणून घेतली. ईएक्सटी४ वाढवायला ती माउंट असली तरी चालते, लहान करायची तर मात्र उतरवावी लागते. तीन नंबर गेला तरी चार आणि पाच आपापल्या नंबरवर राहिले, जीपीटी या पार्टिशनच्या तक्त्यात मागचे नंबर पुढे सरकत नाहीत. एफएसटॅबमधली स्वॅपची ओळ बदलून फाइलचं नाव घातलं.

पुढच्या वेळी मशीन सुरू करताना काळा स्क्रीन अर्धा मिनिट तसाच राहिला. मग एक ओळ आली, सस्पेंड आणि रिझ्यूमच्या डिव्हाइसची वाट पाहणं सोडून दिल्याची, आणि सिस्टिम नेहमीसारखी उघडली. चालत होतं, पण हे सोडून देण्यासारखं नव्हतं. कुणीतरी अजून गेलेल्या पार्टिशनची वाट बघत होतं. तो पत्ता सापडला ईटीसीमध्ये, इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी सिस्टिम, तिच्या सेटिंगमधल्या रिझ्यूम नावाच्या फाइलमध्ये. हायबरनेट केलेली, म्हणजे मेमरी डिस्कवर ठेवून बंद केलेली, सिस्टिम स्वॅपमधून परत उठवायची असते, म्हणून इन्स्टॉलरने स्वॅपचा यूयूआयडी तिथे लिहून ठेवला होता. मी हायबरनेट वापरत नाही. तिथे 'नन' लिहिलं आणि इनिटरॅमएफएस नव्याने बनवून घेतलं. हे दुसरं पाऊल गाळलं तर फाइल बदलूनही उपयोग नाही, कारण सुरुवातीला वाचली जाते ती इनिटरॅमएफएसच्या आत आधीच बांधली गेलेली प्रत.

एवढं झाल्यावर पाच नंबर लगेच पुसायचा मोह झाला, पण पहिल्या दिवशीचा तो २९ चा आकडा विसरले नव्हते. म्हणून पुसण्याऐवजी त्याचा पत्ताच बदलला. पाच नंबर माउंट नसताना आधी तपासून घेतलं आणि ट्यून-टू-एफएस या कमांडने त्याला नवा यूयूआयडी दिला. डेटा जिथल्या तिथे, पण जुन्या यूयूआयडीने आता त्याला कुणी हाक मारली तर उत्तर मिळणार नव्हतं. कुठे एखादा पत्ता राहिलाच असता, तर मशीन अडलं असतं आणि मला तो दिसला असता. यानंतर मशीन चार वेळा बंद-चालू केलं, एकदा पूर्ण वीज काढून. कुठेच अडलं नाही. मग ईटीसी आणि बूटमध्ये जुना यूयूआयडी ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने शोधला, एकही ओळ आली नाही. ईएफआय पार्टिशनमध्ये आधीच्या सिस्टिमच्या नावाचा फोल्डर उरला होता, तो आणि फर्मवेअरमधली त्याची नोंद काढून टाकली.

आठवडाभर तसंच काम केलं आणि मग पाच नंबर फॉरमॅट केलं. ते आता रिकामं आहे, पुढची सिस्टिम आधी तिथेच बसेल.

शेवटी यूयूआयडीऐवजी एसडीए५ हे नाव घेऊन एकदा ग्रेप चालवलं होतं. तेव्हा एफएसटॅबमध्ये एक ओळ सापडली. इन्स्टॉलरनेच लिहिलेली टिप्पणी आहे, पुढे हॅशची खूण असल्यामुळे तिला कुणी वाचत नाही. तिचा अर्थ एवढाच, की इन्स्टॉलेशनच्या वेळी रूट एसडीए५ वर होता. ती ओळ मी तशीच ठेवली आहे.