मार्चिंग इनच्या दिवशी क्वार्टर कसं बघावं

लष्करी क्वार्टरचा ताबा घेताना, म्हणजे मार्चिंग इनला, इन्व्हेंटरीवर (घरातल्या वस्तू आणि त्यांची स्थिती यांच्या यादीवर) सही करायला पाच मिनिटं पुरतात. कृपा करून त्याला तासभर द्या. त्या दिवशी कागदावर चढलेला दोष क्वार्टरचा असतो. न चढलेला दोष दोन-तीन वर्षांनी बॅरॅक डॅमेजेस, म्हणजे नुकसानभरपाई म्हणून तुमच्या नावावर निघतो. जवान फील्डमध्ये असला की एसएफ (सेपरेटेड फॅमिली, म्हणजे जवानापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाच्या) क्वार्टरची किल्ली बहुतेक वेळा पत्नीच्या हातात येते, म्हणून हे घरातल्या दोघांनाही माहीत हवं.

आधी कोणाचं काम काय ते सांगतो, कारण निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात पडून राहतात. क्वार्टर मिळतं स्टेशन हेडक्वार्टरकडून, प्रतीक्षायादीनुसार. इमारत, पाणी आणि वीज एमईएसकडे, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे. तिथे गॅरिसन इंजिनिअरच्या हाताखाली बी/आर म्हणजे इमारती-रस्ते आणि ई/एम म्हणजे वीज-यंत्रं अशा दोन बाजू असतात. घरातला नळ गळतोय तर तक्रार बी/आरकडे. पंप बंद पडून कॉलनीलाच पाणी नाही तर ई/एमकडे. पलंग, टेबल, खुर्च्या बॅरॅक स्टोअरच्या. आणि क्वार्टर ज्या जमिनीवर उभं आहे तिची नोंद डिफेन्स इस्टेट्स या संरक्षण खात्याच्या जमिनी सांभाळणाऱ्या विभागाच्या दप्तरात असते. छावणीत सैन्याच्या प्रत्यक्ष वापरातल्या जमिनीचा वर्ग ए-१. म्हणून मागच्या अंगणात परवानगीशिवाय पत्र्याची शेड घालू नका. सोडताना ती स्वतःच्या खर्चानं काढावी लागते आणि फरशी फुटली तर तिचीही भरपाई द्यावी लागते.

आता तो तास. पाणी सुटायच्या वेळेलाच जा, कोरड्या नळाची तपासणी म्हणजे काहीच नाही. सगळे नळ एकदम सोडा, न्हाणीत बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळात जातं ते बघा. फ्लश दोनदा ओढा. टाकीचा बॉलकॉक हातानं वर धरा, पाणी पूर्ण थांबलं पाहिजे. विजेचं प्रत्येक बटण दाबा, पंख्याचा रेग्युलेटर सगळ्या टप्प्यांवर फिरवा. गीझरसाठी मोठ्या पिनांचा १५ किंवा १६ अँपिअरचा पॉइंट आहे का बघा. २ किलोवॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो. तो ५ अँपिअरच्या लहान पॉइंटवर लावला की सॉकेट आधी पिवळा पडतो, मग जळतो, आणि तो जळका सॉकेट तुमच्या खात्यावर येतो. मीटरचं रीडिंग एमईएसच्या जेईसमोर (ज्युनिअर इंजिनिअरसमोर) लिहून घ्या, दोघांच्या सह्या घ्या आणि मीटरचा फोटो काढून ठेवा.

खरा वाद ओलीवरून होतो, तिथे सावकाश बघा. खडकी-देवळालीसारख्या ठिकाणी क्वार्टर उन्हाळ्यात घेतलं तर नवा रंग सगळं झाकतो. भिंतीवर हात फिरवा, फुगलेला रंग हाताला लागतो. डाग कुठे आहे त्यावरून कारण कळतं. जमिनीपासून वर साधारण मीटरभर उंचीपर्यंत लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) लागला असेल तर ओल पायातून चढतेय. नुसत्या रंगानं ती कधीच थांबत नाही. छताला पिवळसर कडांचा डाग असेल आणि तो भर मे महिन्यातही ओला असेल, तर वरच्या मजल्याची न्हाणी किंवा पाइप बघायला सांगा. पावसाळ्यातच ओला होत असेल तर दोष गच्चीचा. कपाटामागे काळी बुरशी असेल तर बहुधा हवा खेळत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं की पुष्कळ फरक पडतो.

गच्चीत बिघाड बहुतेक दोन ठिकाणी होतो. गच्ची आणि कठडा मिळतात तिथल्या सांध्याला तडा जातो, किंवा पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून पाणी तुंबतं. पिंपळाचं रोप उगवलं असेल तर नुसतं वरून खुडू नका, मूळ आत राहून कोबा फोडतं. दुरुस्तीनंतर पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर इंचभर पाणी ४८ तास उभं ठेवायला सांगा. ही चाचणी न करता काम पूर्ण झाल्याची सही देऊ नका, कारण पहिल्या सरीनंतर तीच तक्रार पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मोठं काम मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा अशा वाटेनं जातं, त्याला महिने लागतात. म्हणून गच्चीची लेखी तक्रार जूनमध्ये नाही, दिवाळीनंतर लगेच द्या. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. बॅरॅक डॅमेजेस काढताना नैसर्गिक झीज आणि हयगय यांत फरक करतात, आणि वेळेवर केलेली तक्रार हा हयगय नसल्याचा सगळ्यात चांगला पुरावा.

बदलीचा आदेश आला की निदान पंधरा दिवस आधी मार्चिंग आउटचा, म्हणजे क्वार्टर सोडण्याचा अर्ज द्या. खिळे काढून भोकं बुजवा, पण स्वतःच्या हातानं रंग मारू नका, छटा जुळत नाही आणि उगाच शंका येते. फुटलेली काच, हरवलेली किल्ली स्वतः बदलणं बहुधा स्वस्त पडतं. मुलाच्या परीक्षेसाठी किंवा फील्ड पोस्टिंगमुळे क्वार्टर ठेवायचं असेल तर मुदत संपायच्या आत अर्ज करा. मुदतीनंतरचा मुक्काम अनधिकृत ठरतो, नेहमीच्या शुल्काऐवजी दंडाचं भाडं लागतं आणि सार्वजनिक जागांच्या १९७१ च्या कायद्याखाली घर खाली करून घेता येतं.

शेवटचं वीज-पाण्याचं बिल भरल्याची पावती आणि घर सोडल्याची तारीख असलेला क्लिअरन्स, दोन्हींच्या सहीशिक्क्याच्या प्रती सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. नव्या ठिकाणी घरभाडे भत्ता लावताना घर सोडल्याची तारीखच विचारतात.