त्सिनच्या रानात, शब्बाथच्या आधी

शनिवार, रात्रीचे दहा. दिमोना, इस्राएल.

शब्बाथ संपवणारी हवदालाची प्रार्थना झाली, पाहुणे अश्दोदला निघाले. ओट्यावर भांडी तशीच पडली आहेत, पण आधी हे लिहिते. शुक्रवारी रात्रीपासून मनात घोळतंय, आणि शब्बाथला, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, लेखणी धरता येत नाही.

काल पहाटे हे म्हणाले, "चल, एन अवदातच्या दरीत जाऊन येऊ." लग्नाला पस्तीस वर्षं झाली. यातला जवळजवळ प्रत्येक शुक्रवार माझा ओट्यापाशी गेला आणि ह्यांचा कारखान्यात. आता हे निवृत्त झाले आहेत. अश्दोदहून माझी बालमैत्रीण आणि तिचे यजमान मुक्कामाला यायचे होते, दोन घरं सोडून राहणारं मोरोक्कन जोडपं रात्री जेवायला, आणि उन्हाचा पारा दुपारी अडतीसवर जाणार असं रेडिओवर सांगत होते. मी नाही म्हणणार होते. पण काळे मनुके रात्रीच भिजत घातले होते, कोंबडी मसाल्यात मुरत होती, रमल्याच्या भारतीय दुकानातून आणलेलं नारळाचं दूधही घरात होतं. म्हटलं, अकरापर्यंत परत यायचं असेल तर येते.

येरुहामवरून पाऊण तासाच्या आत पोचलो. वर कड्यावर इस्राएलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरिऑन आणि त्यांची पत्नी पॉला यांच्या कबरी आहेत, तिथून रस्ता वळणं घेत खाली उतरतो. आठला फाटक उघडलं तेव्हा आम्हीच पहिले. प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोप्या, खारे शेंगदाणे.

सुरुवातीला दरीत सावली होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या खडूसारखे कडे आणि त्यांत गारगोटीचे काळपट पट्टे, जणू कुणी ओळी आखल्यात. एका कपारीवरून याएल नावाच्या रानबकऱ्यांतली एक मादी पिलाला घेऊन उतरली, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता. पुढे पाणी लागलं. हिरवट, गार, वरून धबधब्याची धार. त्यात उतरायला बंदी आहे आणि ते बरंच आहे, ते पाणी त्या जनावरांचं आहे. मी नुसती काठावर उभी राहिले.

धबधब्यापासून वर चढेपर्यंत ऊन कड्यावरून खाली आलं. पांढरा दगड ऊन परत अंगावर फेकतो, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून भाजतं. आई कोकणातल्या उकाड्याबद्दल सांगायची, घामाने लुगडं अंगाला चिकटायचं म्हणून. इथे घाम दिसतच नाही, आला की वाळतो. माणसाला वाटतं आपण ठीक आहोत, आणि एकदम डोकं जड होतं. ह्यांचं तसंच झालं. बोलता बोलता गप्प झाले, चेहरा लाल. मी घाबरले. त्सफत्सफाच्या झाडाखाली बसवलं, मानेवर ओला रुमाल ठेवला, घोट घोट पाणी पाजलं. या झाडाची कोवळ्या फांद्यांवरची पानं विलोसारखी लांबट आणि जुन्या फांद्यांवरची रुंद, एकाच झाडाला दोन तऱ्हा. हे शुद्धीवर येऊन पहिलं काय बोलले, तर ते पानांबद्दल! तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

शिड्यांपर्यंत जायचं नाही असं तिथेच ठरवलं. त्या शिड्या फक्त वर चढायला आहेत, एकदा चढलात की त्याच वाटेने उतरता येत नाही, आणि आमची गाडी खाली होती.

अर्धा तास तिथे बसले होते तेव्हा आठवलं, या शब्बाथला वाचायचा तोराचा भाग, म्हणजे पराशा, हुक्कत. त्यात मोशेबरोबरचे इस्राएली लोक त्सिनच्या रानात येतात, मोशेची बहीण मिर्याम तिथे मरते, आणि प्यायला पाणी नसतं. हा ओढाही नहल त्सिनच. लहानपणापासून ऐकत आले की ते लोक कुरकुरे होते, मोशेला छळायचे, अंजीर नाही, द्राक्षं नाहीत, डाळिंबं नाहीत म्हणायचे. माझ्याजवळ बाटलीत निम्मं पाणी होतं, गाडी वीस मिनिटांवर होती, तरी माझ्या पोटात गोळा आला होता. त्यांच्याजवळ पोरंबाळं होती आणि गुरं होती. आता मी त्यांना कुरकुरे म्हणणार नाही.

घरी आल्यावर ह्यांना पंख्याखाली निजवलं आणि ओट्याशी उभी राहिले. मनुके कुस्करून शब्बाथच्या आशीर्वादाचं, किद्दुशचं शरबत गाळलं, नारळाच्या दुधातला रस्सा केला, जेवण गरम ठेवायचा प्लाटा लावला. तीनला मैत्रीण आली, उन्हाने कोमेजलेली. दारातच तिला गूळ-पाणी दिलं. ती क्षणभर गुळाच्या खड्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुझी आई द्यायची." तिची स्वतःची आई पुरीमच्या सणात वारली.

जेवताना मी दरीतली गोष्ट सांगितली. मोरोक्कन शेजारी म्हणाले, मिर्यामच्या पुण्याईने रानात विहीर लोकांबरोबर चालायची, ती गेली आणि विहीर आटली, असं आपले गुरू सांगतात. मैत्रीण हळूच म्हणाली, "तिच्या भावासाठी, अहारोनसाठी, तीस दिवस रडले. तिच्यासाठी रडल्याचं लिहिलेलंच नाही. मेली, पुरली, संपलं." कुणीच काही बोललं नाही. मग शेजारच्या बाईंनी उठून जग उचलला आणि सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं, आधी माझ्या मैत्रिणीच्या.

आज सकाळी सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाजूला आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. ती ओळ आली तेव्हा तिने माझा हात धरला. पुस्तकात ती ओळ केवढी लहान आहे.

हे आता बरे आहेत. आत्ताच विचारून गेले, हनुक्काच्या सणाच्या थंडीत शिड्यांपर्यंत जायचं का. मुलाला वर गाडी घेऊन बोलवायला हवं.