तुम्ही विचारलंत म्हणून: भावंडं एकाच घरी दत्तक जातात का?

आई-वडील गेलेली दोन भावंडं एकत्र दत्तक जाऊ शकतात का, असं अनेकजण विचारतात. जाऊ शकतात. त्यांची ताटातूट होते ती बहुतेक वेळा कागदांमुळे.

समजा, भाऊ दीड वर्षाचा आणि बहीण सात वर्षांची आहे. शिशुगृहात सहा वर्षांपर्यंतचीच मुलं ठेवतात. म्हणून भाऊ शिशुगृहात जातो, बहीण बालगृहात. त्यात तारखांची भर पडते. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 38 प्रमाणे, अनाथ मूल दत्तकासाठी मुक्त असल्याचं जाहीर करायला बालकल्याण समितीला (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) मुदत असते: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने, त्याहून मोठ्या मुलासाठी चार. म्हणजे बाळाचे कागद आधी तयार होतात, आणि मागणीही बाळालाच जास्त. फायलीत भावंड असल्याची नोंद नसेल, तर बहिणीचा आदेश यायच्या आत भावाला घर मिळालेलं असतं.

म्हणून मुलांना समितीपुढे आणणाऱ्याने, मग तो मामा असो, शेजारी असो की पोलीस, पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्यावा. दोघांची नावं, वयं आणि ती सध्या कुठे आहेत ते लिहावं. दोन्ही आदेशांत आणि दत्तकाच्या सरकारी ‘कॅरिंग्ज’ पोर्टलवर भावंड अशी नोंद करायला सांगावं. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, अंगणवाडीतली नोंद, जे हाताला लागेल ते जोडावं. मुलं दोन जिल्ह्यांत सापडली असतील तर हे दोन्हीकडे करावं, कारण एका समितीची फाईल दुसरीपुढे आपोआप येत नाही.

पालकांनी नोंदणी करतानाच भावंडांचा पर्याय निवडावा. घराची पाहणी करणारा समाजसेवक जागा, उत्पन्न आणि तयारी त्याच हिशेबाने तपासतो. पालक आणि मूल यांच्यात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं, तेव्हा हिशेब थोरल्या मुलाच्या वयावरून करा. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, त्यामुळे भाऊ-बहिणीची जोडीही नाही. मुलांची माहिती आली की होकार कळवायला 48 तास मिळतात. घरात भांडायचं ते आधीच भांडून घ्या!

घरी आल्यावर एक गोष्ट हमखास होते. थोरली बहीण धाकट्याची आई बनलेली असते. त्याला ती भरवते, झोपवते, आणि नव्या आईला मध्ये येऊ देत नाही. ते काम तिच्याकडून एका दिवसात काढून घेऊ नका. आधी तिच्याबरोबर करा.

नातेवाइकांची चूक वेगळी: ते चुकीच्या कायद्याने दत्तक घ्यायला जातात. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात घरात मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलीचंही तसंच. म्हणजे दोन सख्खे भाऊ त्या कायद्याने एका घरी जाऊच शकत नाहीत. बाल न्याय कायद्यात ही अट नाही. मात्र त्यात नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच. पाच वर्षांवरच्या मुलाची संमतीही लागते. नोटरीच्या कागदाने दत्तक होत नाही, तो कितीही रुपयांच्या स्टॅम्पवर असो.

आजी सांभाळतेच आहे आणि अडचण फक्त पैशांची आहे, तर दत्तकाच्या भानगडीत पडूच नये. राज्याच्या बाल संगोपन योजनेत दर मुलामागे महिना 2250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये 4000 रुपये आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72000 आणि इतरत्र 96000 च्या आत हवं. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा.