कॅल्शियमचा निरोप आणि तो वाचणारे

वनस्पतींवरील ताणाचा अभ्यास सुरू केल्यापासून एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. एकाएकी गारठा पडो, मुळांभोवती मीठ वाढो, पाणी आटो किंवा अळी पान कुरतडो, वनस्पतीच्या पेशीत पहिल्या काही क्षणांत घडणारी गोष्ट जवळपास एकच असते. पेशीद्रवातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि थोड्या वेळात पुन्हा खाली येते. निरोप्या एकच असताना पेशी थंडीला थंडीचे आणि मिठाला मिठाचे उत्तर कसे देते?

या कामासाठी कॅल्शियमचीच निवड का झाली असावी, हे आधी पाहायला हवे. पेशीचा सारा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटच्या आधाराने चालतो, आणि कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका तयार होतो. त्यामुळे पेशीद्रवात कॅल्शियम साठू देणे पेशीला परवडतच नाही. पटलांमधील पंप त्याला सतत बाहेर, पेशीभित्तिकेकडे, नाहीतर आत रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील द्रवाने भरलेल्या मोठ्या पिशवीत, ढकलत राहतात. परिणामी शांत पेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम अवघे १०० नॅनोमोलरच्या आसपास असते, तर भिंतीपलीकडे आणि रिक्तिकेत ते साधारण दहा हजार पटींनी अधिक असते. अशा स्थितीत पटलातील एखादी वाहिका क्षणभर उघडली, तरी आतले प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि ते लपून राहू शकत नाही. पोटॅशियमकडून हे काम होणार नाही, कारण ते पेशीद्रवात आधीच इतके मुबलक असते की त्यात थोडी भर पडल्याचे कोणाला कळणारही नाही. विषासारखे दूर ठेवलेले द्रव्यच संकेतासाठी सर्वांत सोयीचे ठरले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

हा संकेत पहिल्यांदा डोळ्यांसमोर उमटला, तो अनुभव माझ्या मनात ताजा आहे. एक्वोरिन हे जेलीफिशमधील प्रथिन कॅल्शियम मिळताच निळसर प्रकाश देते. ओसामु शिमोमुरा यांनी ते १९६२ साली वेगळे केले, आणि १९९१ मध्ये नाइट, ट्रेवावस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे जनुक तंबाखूच्या रोपात घालून दाखवले की स्पर्शाने आणि थंडीच्या धक्क्याने रोप आतून उजळते. मी तोच प्रयोग अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या रोपांवर केला. रोपटी रात्रभर अंधारात, एक्वोरिनला लागणाऱ्या द्रव्यात भिजत ठेवली होती. सकाळी एक रोप नळीत घालून प्रकाशमापकात ठेवले आणि पिचकारीने बर्फासारखे थंड पाणी सोडले. पडद्यावरची रेघ क्षणार्धात सरळ वर चढली. मग दुसऱ्या रोपावर खोलीच्याच तापमानाचे पाणी सोडले, तर तेथेही एक लहान टोक उमटले! ते थंडीचे नव्हते, पाण्याच्या धारेच्या धक्क्याचे होते. नळी जरा जोरात ठेवली तरी रोप त्याची नोंद करते, हे समजल्यानंतर ही तुलना केल्याशिवाय मी एकही आलेख खरा मानलेला नाही.

हा निरोप एका पेशीपुरता राहत नाही. मुळाच्या एकाच जागी मीठ लागले, तर कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर वेगाने मुळातून खोडाकडे सरकते, हे २०१४ मध्ये दिसून आले. पान कुरतडले गेल्यावर जखमेतून बाहेर पडणारे ग्लुटामेट हे अमिनो आम्ल अशीच लाट दूरच्या पानांपर्यंत पाठवते, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्याचे नेहमीचे उत्तर असे की प्रत्येक ताणाची कॅल्शियमची स्वतःची ‘सही’ असते, म्हणजे वाढ किती उंच, किती वेळ, किती वेळा आणि पेशीच्या कोणत्या भागात झाली यातच अर्थ असतो. पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, उघडणाऱ्या आणि मिटवणाऱ्या रक्षक पेशींवरील प्रयोग या मताला भक्कम आधार देतात. अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाने रंध्रे मिटताना या पेशींत कॅल्शियम ठरावीक लयीत वरखाली होते. एका उत्परिवर्तित रोपात ही लय फार जलद होते आणि रंध्रे दीर्घकाळ मिटून राहत नाहीत, परंतु बाहेरचे द्रावण आलटून पालटून तीच लय मूळ रोपासारखी करून दिली, की ती मिटून राहतात. कोणत्याही प्रकारे कॅल्शियम वाढवले तरी रंध्रे तात्पुरती मिटतात. मिटलेली राहण्यासाठी मात्र योग्य लयच लागते.

तरीही केवळ सहीने अर्थ लागतो असे मी मानत नाही. माझ्या मते खरे महत्त्व वाचणाऱ्यांना आहे. कॅल्शियम स्वतः काहीच करत नाही. कॅल्मोड्युलिनसारख्या प्रथिनांना ते चिकटते, त्यांचा आकार बदलतो आणि मग पुढचे काम सुरू होते. एकट्या अरॅबिडॉप्सिसमध्ये कॅल्शियमवर चालणारी ३४ प्रथिन-कायनेजे, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलणारी विकरे, आहेत, त्याखेरीज कॅल्शियम ओळखणारी १० सीबीएल प्रथिने आणि त्यांच्या जोडीने काम करणारी २६ सीआयपीके कायनेजे. कोणत्या पेशीत यांपैकी कोण हजर आहे, यावर त्याच निरोपाचा अर्थ ठरतो.

मिठाचे उदाहरण हे स्पष्ट करते. मुळात एसओएस-३ हे प्रथिन वाढलेले कॅल्शियम ओळखते आणि एसओएस-२ या कायनेजला जागे करते. ते पुढे पेशीपटलावरील एसओएस-१ या वाहकाला चालना देते, आणि तो सोडियम पेशीबाहेर टाकतो. या तिघांपैकी एक जरी निकामी झाले, तरी जे मीठ सामान्य रोप सोसते त्यात हे रोप टिकत नाही. खोड आणि पानांत मात्र एसओएस-३ ऐवजी मुख्यतः सीबीएल-१० हे दुसरेच प्रथिन हे वाचन करते. एकाच रोपात, एकाच क्षारासाठी, खाली एक वाचक आणि वर दुसरा!

शिवाय रोपावर पूर्वी काय गुदरले आहे, त्याचीही भर यात पडते. ज्या रोपांनी आधी थंडी सोसलेली असते, त्यांच्यातील थंडीची कॅल्शियम-सही बदललेली असते, आणि आधीच्या ताणाच्या अनुभवाने पाणी कमी पडल्यावरचा प्रतिसादही बदलतो. म्हणून हल्ली रोप नळीत घालण्यापूर्वी, ते आदल्या आठवड्यात कोणत्या फळीवर आणि किती तापमानात वाढले, हे मी वहीत त्याच्या क्रमांकापुढे लिहून ठेवतो.