श्रेय तेलाला

माझ्या आयुर्वेदाच्या दवाखान्यात केसांसाठी, चेहऱ्यासाठी येणारी निम्मी मंडळी हल्ली आपली प्रकृती (वात, पित्त की कफ) ठरवूनच येतात. मोबाइलवरची चाचणी देतात, निकाल पुढे करतात आणि म्हणतात, आता यावरचं औषध द्या. प्रकृती जन्मापासूनची असते. उपचार करायचा तो आज जे बिघडलंय त्यावर. हे पटवण्यातच माझा बराचसा वेळ जातो.

त्यातलीच ही एक मुलगी, एकतीस वर्षांची, बँकेत नोकरीला. निकाल : पित्त. तिने तो फारच मनावर घेतला होता. तिखट-आंबट बंद, मग 'उष्ण पडतं' म्हणून डाळी, बाजरी, तीळ बंद आणि शेवटी तूपही बंद. पित्तावर तुपासारखं औषध नाही, पण तिच्या चाचणीला ते ठाऊक नसावं. सकाळी नारळपाणी, दुपारी काकडी, रात्री दूध-केळं फिरवून. (दुधात केळं आमच्या शास्त्रात विरुद्ध आहार. शिकरणावर वाढलेल्या माणसांना हे सांगताना माझाही आवाज जरा खाली येतो.) सहा महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या महिन्यापासून केस गळायला लागले. जबड्यावर पुटकुळ्या, गाल मात्र कोरडे, आणि त्यावर रोज मुलतानी माती.

भूक, झोप, पोट साफ होतं का, पाळी, हे विचारायला लागले तर ती वैतागली. "मॅडम, मी केसांसाठी आलेय." जिभेवर पांढरा थर होता, जेवण नकोसं वाटायचं, तीन-तीन दिवस पोट साफ नाही. अग्नीच, म्हणजे पचनशक्तीच, मंदावलेला. आयुर्वेदात केस आणि नखं अस्थिधातूचे, म्हणजे हाडांचे, मल (पोषणातून शेवटी उरणारा भाग) मानतात. म्हणजे रस, रक्त, मांस, मेद अशा एकेका धातूतून पोषण तिथवर पोचलं, तर त्यांना काही मिळणार. म्हणून मी डोक्याआधी नखं बघते. तिची मऊ पडलेली, टोकाला पापुद्रे सुटलेले.

मग चिमटीत पन्नास-साठ केस धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढले. पाच-सहा आले तर चालतं. तिचे पंधराएक आले आणि प्रत्येकाच्या मुळाशी पांढरा ठिपका. तो दिसला की मला हायसं वाटतं. केस तुटलेला नसतो, विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन आपणहून सुटलेला असतो. ताप, बाळंतपण, उपासमार यानंतर दोन-तीन महिन्यांनी हे असं होतं. टाळूवर चट्टा नव्हता, भांगही रुंदावलेला नव्हता.

रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ७, दोन्ही कमी. थायरॉइड ठीक. फिजिशियनकडे पाठवलं, त्यांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. हे ऐकून आमचे एक ज्येष्ठ वैद्य म्हणाले, "मंडूर असताना तिकडे कशाला पाठवलंस?" मंडूर म्हणजे आमचं लोहाचं औषध, ते मीही वापरते. पण फेरिटिन ७ असताना अस्मितेचा प्रश्न करण्यात मला रस नाही. पलीकडे काही त्वचारोगतज्ज्ञ आमचं नाव काढलं की हसतात, तेही मला तितकेच कंटाळवाणे वाटतात.

माझ्याकडून काय दिलं? आधी दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन सुधारणारी औषधं, मग दोन्ही वेळा गरम, ताजं जेवण, वरण-भातावर तूप, अकराच्या आत झोप. मुलतानी माती बंद. आणि माक्याचं तेल.

हे तेल मी स्वतः सिद्ध करते आणि त्याचा मला अभिमान आहे. कल्क (वनस्पती वाटून केलेला गोळा) एक भाग, तिळाचं तेल चार, माक्याचा रस सोळा. मंद आच, घाई केली की कल्क तळाला धरतो. पाणी आटत आलं की कल्क बोटांत वळून बघायचा. वात सरळ वळली पाहिजे आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडता कामा नये. तडतडली म्हणजे ओल शिल्लक आहे. तेलावर फेस येतो तीच वेळ. तूप असेल तर उलट, फेस विरतो तेव्हा उतरवायचं. नस्यासाठी, म्हणजे नाकात घालायला, मृदू पाक (कमी आटवलेलं) आणि डोक्याला लावायला खर (जास्त आटवलेलं), पण खर आणि जळालेलं यात अंतर थोडंच. बाजारातल्या हिरव्यागार तेलांत नुसता रंग असतो की माका, हे मी तरी बाटली बघून सांगू शकत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिचा घाबरून फोन. "तेल लावल्यापासून जास्तच गळतायत!" आधीच सुटलेले केस मालिशीने हाताला येतात, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. कपाळावर पुटकुळ्या नकोत म्हणून तेल तासाभरात धुवायलाही सांगितलं होतं. त्वचा लवकर सुधारली. केसांना चार महिने लागले. कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस ताठ उभे राहिले, तेव्हा ती रडलीच.

नंतर तिने बँकेत सगळ्यांना सांगितलं, मॅडमच्या तेलाने केस आले. आता तेलासाठी फोन येतात. तपासणी नको, प्रश्न नकोत, फक्त बाटली कुरिअर करा.

मला ठाऊक आहे, ते केस तेलाने आलेले नाहीत. ती जेवायला लागली, लोह भरलं, झोपायला लागली. कदाचित माझ्या दीपन-पाचनाशिवायही, नुसतं पोटभर खाऊन ते आले असते. अशी गळती कारण दूर झालं की बहुतेकदा थांबतेच. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "असू दे हो, मला गुण तेलानेच आला."

पण दुसरी बाजूही डोक्यातून जात नाही. 'जेव आणि थांब' एवढंच सांगून पाठवलं असतं, तर ती चार महिने थांबली असती? मला नाही वाटत. दुसऱ्या आठवड्यात फोन आला तो तेलामुळे. त्या निमित्ताने मी जेवणाची चौकशी केली आणि रात्रीचं दूध-केळं अजून चालूच आहे, हे कळलं. नुसता आहाराचा कागद दिला असता, तर तो फोन आला नसता.

परवा तिने बहिणीसाठी बाटली मागितली. म्हटलं, तिला घेऊन ये, रिपोर्ट आण. "ती नाही यायची, तिला फक्त तेल हवंय." मी अजून हो म्हटलेलं नाही.