तुम्ही विचारलंत म्हणून: लिव्होनियनचा अभ्यास आता कशावर?

"शेवटची बोलणारी बाई तर गेली, मग आता अभ्यास कशाचा करता?" लिव्होनियन ही लॅटव्हियाच्या किनाऱ्यावरची, फिनिश आणि एस्टोनियनच्या फिनिक कुळातली भाषा. तिचा विषय निघाला की हे विचारलं जातंच. ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या २०१३ साली कॅनडात वारल्या, वयाच्या १०३ व्या वर्षी. घरातच ही भाषा शिकलेल्या जुन्या पिढीतल्या त्या शेवटच्या, हे खरं. पण पुढे शिकून बोलणारे आहेत, कोश आहेत, ध्वनिमुद्रणं आहेत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

"एस्टोनियन जवळचीच ना? तिच्यावरून जुळवा की!" बरं, 'गाव' हा शब्द घ्या. फिनिश 'क्युलॅ', एस्टोनियन 'क्युला', त्याच कुळातल्या वोटिक भाषेत 'चुलॅ', लिव्होनियन 'किला'. वोटिकचा च सरळ आहे, जीभ पुढे आणून म्हणायच्या स्वरांआधी तिथे क चा च होतो. लिव्होनियनची इ मात्र फसवते. ओठ गोल करून म्हणायचा स्वर तिथे पुढे सैल पडून साधी इ झाला. १९व्या शतकातल्या नोंदींत तो अजून गोल आहे. म्हणून इ दिसली की आधी जुनी नोंद, मग फिनिश आणि एस्टोनियनमधले त्याच मुळाचे शब्द, आणि शेवटी लॅटव्हियन उसनवारी नाही ना, हे पाहायचं. शेवटची पायरी गाळलीत तर उसना शब्द वारशाचा ठरतो आणि ती चूक भाषांच्या तुलनेच्या पुढच्या प्रत्येक तक्त्यात जाते.

आता खरी दुखरी जागा. लिव्होनियनमध्ये काही शब्द म्हणताना घसा क्षणभर आवळतो, आवाज मध्येच तुटल्यासारखा होतो. पैसा म्हणजे फिनिश आणि एस्टोनियनमध्ये 'राहा', लिव्होनियनमध्ये 'रॉऽ', आणि गळालेल्या ह च्या जागी हा झटका. पानाला फिनिशमध्ये 'लेह्ती', लिव्होनियनमध्ये 'लेऽद्य', तसंच. (सगळे झटके ह मुळे आलेले नाहीत, हे इथेच सांगून ठेवतो.) नेहमीच्या लेखनात तो दाखवत नाहीत. मराठीत 'जरा थांब' आणि 'जरा-मरण' यांतला ज वेगळा, पण अक्षर एकच. मराठी माणूस ते कानाने सोडवतो. कान नसेल तर?

शोग्रेन हे भाषाभ्यासक १८४६ आणि १८५२ मध्ये लिव्होनियन लोकांत गेले. त्यांचं काम वीडेमन यांनी पुरं केलं आणि व्याकरण व कोश १८६१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला छापले. आजही त्या पानांवाचून पुढे जाता येत नाही. पण त्यांत हा झटका नोंदलेला नाही. तो ओळखला भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसन यांनी, १८९० मध्ये. ते डॅनिश, आणि डॅनिशमध्ये असाच झटका आहे. घरचा आवाज परक्या तोंडात ओळखता आला. लॅटव्हियाच्या पश्चिमेकडच्या कूर्लंडच्या किनाऱ्यावर तोवर बोलणारे होते, त्यामुळे तिथलं पुन्हा ऐकून दुरुस्त करता आलं. केटुनेन यांच्या १९३८ च्या लिव्होनियन कोशात ते मिळतं. रीगाच्या आखातापलीकडची, सालात्सा नदीकाठची लिव्होनियन मात्र १८६८ मध्येच संपली. थॉमसननी झटका ओळखण्याच्या बावीस वर्षं आधी. तिच्यात झटका कुठे होता, हे थेट ऐकून सांगणारं कुणी कधी झालंच नाही.

शोग्रेनवर राग काढण्यात अर्थ नाही. सालात्साच्या मोजक्याच बोलणाऱ्यांकडून त्यांनी जे टिपलं, त्यावरच आपली बहुतेक भिस्त आहे.

पूर्वी मी सांगत असे की सालात्साच्या शब्दाला कूर्लंडचा झटका लावून टाका, भाषा एकच. आता तसं करू नये असं वाटतं, कारण मग आपणच घातलेलं आपल्याला पुराव्यात सापडतं. पण रकाना कोरा ठेवणंही निर्दोष नाही. कोरा रकाना पाहणारा 'झटका नव्हता' असंच वाचतो. म्हणून मी तिथे प्रश्नचिन्ह घालतो आणि शेजारी शोग्रेनचं लेखन जसंच्या तसं ठेवतो, स्वर दोनदा लिहिला असेल तर तोही तसाच. फिनिक कुळातून आधी कोण फुटलं, लिव्होनियन की दक्षिण एस्टोनियन, यावर जाणकारांत अजून वाद आहे. अशा तक्त्यांवर तो लढवताना ही प्रश्नचिन्हं मोजून घ्या.